ओठांची वही

दुकानाच्या दारात गिऱ्हाईक दिसलं की मुंगी बाकावरून उठायची आणि म्हणायची, "या, बसा."

दोनच शब्द. 'या' जरा लांबायचा, 'बसा'तला 'सा' हवेत विरून जायचा आणि आवाज नाकातून आणि डोक्यातून एकदमच निघाल्यासारखा उंच लागायचा. नवीन गिऱ्हाईक दचकायचं. जुनं गिऱ्हाईक हसून म्हणायचं, "बसलो गं बाई, बसलो." आणि तिचा बाप हातात कात्री घेऊन असा उभा राहायचा, की जणू दुकान त्याचं नव्हेच, त्या दोन शब्दांचं आहे.

दोन महिने झाले, मुंगीने "या, बसा" म्हणणं सोडलं होतं. तेवढंच नव्हे, सगळंच बोलणं सोडलं होतं. भूक लागली की पोटावर हात ठेवायची. पाणी हवं असलं की पेला दाखवायची. पडली, गुडघा फुटला, तरी ओठ गच्च. डॉक्टरांनी घसा बघितला, घशात काही नव्हतं.

मुंगी नऊ वर्षांची. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं. कानामागच्या यंत्रातून काहीतरी गुरगुरल्यासारखं पोचायचं, पण शब्द म्हणून काही पोचायचं नाही. आता आवाज म्हणजे काय हो? तुम्हीआम्ही उठल्यापासून झोपेपर्यंत तो सांडत असतो. कुणावर खेकसतो, कुणाला हाका मारतो, देवाचं नाव घेतो तेही अर्धं लक्ष उकळत्या दुधाकडे ठेवून. या पोरीला एकेक अक्षर खोल विहिरीतून पोहरा ओढावा तसं वर काढावं लागलं होतं. 'प' यावा म्हणून ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची. पट्टी हलली की 'प' झाला. 'म'साठी बोट नाकाच्या कडेला टेकवायचं, तिथे गुणगुण जाणवली पाहिजे. 'क'साठी चमच्याच्या दांड्याने जीभ मागे ढकलायची, पार उमासा येईपर्यंत. 'बाबा' यायला सात महिने लागले. तो शब्द आला त्या दिवशी बापाने भर दुपारी दुकान बंद केलं, घरी जाऊन देवापुढे बसला आणि काय मागावं हेच त्याला सुचेना. मागायचं होतं ते आधीच पदरात पडलं होतं.

आणि हे सगळं बाईंनी केलं होतं. खोटं कशाला बोला?

मोठ्या शाळेच्या मागच्या अंगाला एक खोली होती. तिथे ऐकू न येणाऱ्या मुलांचा वर्ग भरायचा. सहा मुलं आणि एक बाई. अठरा वर्षं त्याच बाई. खोलीची एक अख्खी भिंत आरशाची, मुलांनी आपलं तोंड बघत शिकावं म्हणून. बाप धंद्याने आरशासमोर उभा राहणारा माणूस. प्रवेश घ्यायला आला त्या दिवशी आरशाची कड निरखून म्हणाला, "आरसा झकास आहे बाई, पण ओल्या फडक्याने पुसू नका. पारा उडतो."

"मग तुम्हीच या पुसायला," बाई म्हणाल्या होत्या. तेव्हा त्या हसायच्या.

मुंगी गप्प झाल्यावर तो दोनदा बाईंना भेटून आला. बाई म्हणाल्या, "मोठी होतेय, लाजते. वर्गात छान बोलते हो. तुम्ही काळजी करू नका." तो हात जोडून परत आला. घरी बायकोला म्हणाला, "वर्गात बोलते म्हणे."

बायको रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. दिवसभर वाफेत उभी राहून घरी आली की तिला फार बोलणं परवडायचं नाही. ती एवढंच म्हणाली, "तुम्हाला कुणीही काहीही सांगावं."

मग एका दुपारी हे असं झालं.

खुर्चीत नेहमीचा ट्रकवाला होता, तोंडाला फेस, मान मागे. त्याच्या पाठीमागे, भिंतीकडच्या बाकावर, मुंगी वही मांडीवर घेऊन बसली होती. बाप वस्तऱ्याला धार लावत काहीतरी बडबडत होता. ट्रकवाला म्हणाला, "तुझी पोरगी तुझ्यापेक्षा शहाणी रे. गप्प बसते."

बाप हसला, आणि हसता हसता त्याची नजर मुंगीकडे गेली. तिने मान खाली घातली होती. कान लाल झाले होते.

बापाचा हात थांबला. ट्रकवाल्याची पाठ तिच्याकडे होती. त्याचं तोंड तिला दिसणं शक्यच नव्हतं. मग त्याने समोर बघितलं, आणि समोरच्या आरशात ट्रकवाल्याचं फेसाळलेलं तोंड होतं, त्याचं स्वतःचं होतं आणि दोघांच्या मध्ये, मागे, लहानसं मुंगीचं.

तो वळला नाही. पाठमोराच उभा राहून, आरशाकडे बघत, हलक्या आवाजात म्हणाला, "मुंगे, पावडर दे."

मुंगी उठली आणि पावडरीचा डबा त्याच्या हातात ठेवून परत जाऊन बसली.

"अरे, गळा माझा आहे," ट्रकवाला म्हणाला. "लक्ष कुठंय तुझं?"

दाढी उरकली, ट्रकवाला गेला. बाप बाकावर तिच्या शेजारी जाऊन टेकला. ती अभ्यास करत होती. ही तिची ओठांची वही. बाईंचीच शिस्त होती ती, आणि चांगली शिस्त होती. रोज लोकांच्या ओठांवरून वाचलेली पाच वाक्यं लिहून आणायची, कोण बोललं ते पुढे लिहायचं. दुसऱ्या दिवशी बाई तपासायच्या. आजचं पाचवं वाक्य शाईने अजून ओलं होतं: *ट्रकवाले काका : तुझी पोरगी तुझ्यापेक्षा शहाणी रे. गप्प बसते.*

बापाला हसू आलं. पोरीची कमाल आहे, एक अक्षर सुटलेलं नाही. मागचं काय काय पकडलंय बघू, म्हणून त्याने पान उलटलं.

*आई : वाफेने हात भाजला.*

*भाजीवाली : उद्या ये, आज ताजी नाही.*

*बाई : बापाला काय, पोरगी बोलते म्हटलं की खूश. मी काहीही सांगते.*

त्याने ते पुन्हा वाचलं. मग आणखी मागे गेला.

*बाई : हिचा आवाज ऐकलास तर तुला जेवण जाणार नाही.*

*बाई : बकरी कापताना ओरडते ना, तसा.*

*बाई : आईने आज पुन्हा अंथरूण भिजवलं. मी एकटीच तिची मुलगी आहे का? तू कधी येणार?*

*बाई : अठरा वर्षं घसा फोडला. एक तरी धड बोललं का?*

*बाई : ही जन्मालाच आली नसती तर बरं झालं असतं. सगळीच.*

आणि प्रत्येक पानाच्या तळाशी लाल शाईने बरोबरची खूण. खाली 'छान', आणि बाईंची सही.

दारात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, वाट बघून निघून गेलं. शेवटी त्याने मुंगीची हनुवटी धरून तिचा चेहरा आपल्याकडे वळवला आणि सावकाश विचारलं, "बाई तुझ्याशी असं बोलल्या?"

तिने मान हलवली. नाही. वहीच्या कडेला लिहिलं, *फोनवर. त्यांच्या बहिणीशी. आमच्याकडे पाठ करून.*

"मग तुला कसं...?" विचारता विचारता त्याला उत्तर कळलं.

बाईंना पक्कं ठाऊक होतं की ही पोरं ओठ वाचतात. त्यांनीच तर शिकवलं होतं. म्हणून वर्गात फोन आला की त्या मुलांकडे पाठ करायच्या. पाठ केली की समोर आरसा. तो आरसा मुलांनी स्वतःचं तोंड बघावं म्हणून लावलेला. अठरा वर्षांत त्यात आपलंही तोंड दिसतं हे त्या माउलीच्या ध्यानातच आलं नाही. सहा पोरं बाकांवर हात बांधून बसायची आणि तिच्या तोंडून रोज स्वतःबद्दल वाचायची. आणि मुंगी आज्ञाधारक. पाच वाक्यं म्हणजे पाच वाक्यं. ती घरी येऊन लिहायची, दुसऱ्या दिवशी बाईंपुढे ठेवायची. बाई न वाचता खूण करायच्या. पोरीला वाटायचं, बाईंनी वाचलं, आणि बरोबर म्हणाल्या.

त्या संध्याकाळी आईने वही उभ्यानेच वाचली. सगळी. मग ती मिटून पोटाशी धरली.

"आता?" बाप म्हणाला.

"आता काय? जा शाळेत."

"अगं, पण ती एकच बाई आहे. ती गेली तर वर्ग गेला. हिला बोलायला शिकवणार कोण?"

"बोलतेय कुठे ती?" आई म्हणाली. "शिकवलं तिनेच आणि तोंडही तिनेच शिवलं. तुम्ही कशाला राखण करताय त्या वर्गाची?"

"तिची आई अंथरुणाला खिळलीय. वाचलंस ना?"

"वाचलं. माझीही होती. मी नाही कुणाच्या लेकराला बकरी म्हटलं." तिने वही त्याच्या हातात कोंबली. "तिकडे ती रोज पोरीला सोलतेय आणि तुम्ही इकडे लोकांच्या दाढ्या करत बसा."

दुसऱ्या दिवशी बाप वही घेऊन मुख्याध्यापकांकडे गेला. मुख्याध्यापक माणूस बरा होता, पण त्यांना भांडणाची भीती वाटायची. त्यांनी चार पानं वाचली, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"भाऊ, ही माणसं झाडाला लागत नाहीत हो. हे शिक्षण घेतलेली दुसरी बाई मी आणू कुठून? तीन वर्षं मदतनीस मागतोय, तीही मिळाली नाही."

"मला बाईंना काढायचं नाहीये सर. माझी पोरगी बोलायला हवी."

"मग मी त्यांना समज देतो. फोन बंद. हवं तर तो आरसाच काढून टाकू."

बाप म्हणाला, "सर, आरसा काय बोलला?"

बातमी बाकीच्या पालकांपर्यंत पोचलीच. त्या वर्गात दोन जुळे होते. त्यांची आई दुकानात आली, केस कापायला नव्हे. दारातूनच म्हणाली, "दादा, हात जोडते. माझ्या दोघांना आता कुठे 'आई' म्हणता येतंय. बाई काय पुटपुटतात ते पुटपुटू द्या. देवाच्या नावाने गप्प बसा."

"तुमच्या मुलांनीही वाचलंय ताई."

"त्यांना कळत नाही अजून."

"विचारलंत?"

ती निघून गेली.

पण मुंगीच्या आईने लेखी अर्ज देऊन टाकला होता. धुलाईघरातल्या कारकुनाकडून लिहून घेतला होता, नवऱ्याला न सांगता. त्यामुळे बुधवारी दुपारी त्याच खोलीत बैठक बसली. शाळेच्या समितीवरचे म्हातारे डॉक्टर, मुख्याध्यापक, बाई, आई, बाप आणि मुंगी. बाकीच्या मुलांना सुट्टी दिली होती. सगळे मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे वर करून बसले होते.

बाईंचा चेहरा ओढलेला होता. केस कसेबसे बांधलेले, एका बाहीवर औषधाचा डाग. त्या वहीकडे बघत नव्हत्या.

मुख्याध्यापकच आधी बोलले. "डॉक्टर, ओठांवर 'प' आणि 'ब' सारखेच दिसतात. 'म'सुद्धा. पोरीने भलतंच वाचलं नसेल कशावरून?"

"एखादा शब्द चुकेल सर," आई म्हणाली. "दोन महिने चुकेल?"

डॉक्टर उठले. काठी टेकत आरशासमोर गेले, सगळ्यांकडे पाठ केली आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाले. मग वळून बघितलं. मुंगीने पाटीवर लिहिलं, *या खुर्चीने माझी कंबर मोडली.*

डॉक्टर हसले. त्या खोलीत तेवढा एकच माणूस हसला, तोही क्षणभर. "वाचता येतं," ते म्हणाले. "वही मात्र घरी लिहिलेली आहे. कुणी सांगून लिहिली असं म्हणणारेही निघतील. बाई, तुमचं काय म्हणणं?"

बाई म्हणाल्या, "मी थकते डॉक्टर. बहिणीशी बोलते. काय बोलते ते माझ्या लक्षात राहत नाही."

"म्हणजे हे बोललात की नाही?"

"लक्षात नाही."

डॉक्टरांनी मुंगीकडे बघितलं. "तिने स्वतः तोंडाने सांगितलं तर गोष्ट वेगळी."

"ती बोलत नाही," बाप म्हणाला. "म्हणून तर आलोय. दोन महिने एक शब्द नाही."

"मग मी काय लिहू भाऊ?" डॉक्टर खिन्नपणे म्हणाले. "नुसत्या वहीवर अठरा वर्षांच्या नोकरीचा निकाल कसा लावू?"

हे सगळं मुंगी बघत होती. माणसामाणसाच्या तोंडावर तिची नजर फिरत होती, उशीर झाला तर एखादं वाक्य निसटेल म्हणून घाई करत. डॉक्टरांचं शेवटचं वाक्य तिने वाचलं. मग ती उभी राहिली. बाईंनी शिकवलं होतं तसा उजवा तळहात छातीवर ठेवला, आवाज निघतोय की नाही ते कळावं म्हणून. आणि तिने तोंड उघडलं.

दोन महिने न वापरलेला आवाज. तो उंच निघाला, मध्येच फाटला, खाली कोसळला. मुख्याध्यापक खुर्चीत मागे सरकले. बापाने डोळे मिटले, आणि तिला दिसेल म्हणून लगेच उघडले.

ती बोलली ते लांबलचक होतं. डॉक्टरांना एक शब्द कळला नव्हता.

"काय म्हणाली?" त्यांनी बापाला विचारलं.

बाप सांगायला गेला, तेवढ्यात मुख्याध्यापक म्हणाले, "वडील सांगणार ते त्यांच्याच बाजूचं, डॉक्टर. ते कसं धरायचं?"

हे खरंच होतं. मुंगीचं बोलणं कळणारी या जगात तीन माणसं होती. दोन तिचे आईबाप.

डॉक्टर सावकाश बाईंकडे वळले. "बाई, तुम्ही सांगा."

देव माणसाला कुठे आणून उभं करील याचा नेम नाही. बाईंनी मान वर केली. त्यांना कळलं होतं, सगळं कळलं होतं. 'पाणी मागतेय' असं सांगितलं असतं तरी त्या सुटल्या असत्या. बापाचं कोण ऐकणार होतं? मुख्याध्यापकांच्या तोंडावर तर स्पष्ट आशा दिसत होती.

"ती म्हणते," बाई म्हणाल्या, "बाई म्हणाल्या, माझा आवाज बकरीचा आहे. कापतात तेव्हाचा." "ती म्हणते, बाबांना बाई खोटं सांगतात. बाबांना ते खरं वाटतं."

"पुढे?"

बाई गप्प झाल्या.

आणि मग जे झालं त्याला त्या खोलीतलं कुणीच तयार नव्हतं. मुंगीने बाईंचे थांबलेले ओठ बघितले आणि तिला वाटलं, आपला उच्चार चुकला. बाईंना कळला नाही. इतकी वर्षं तेच तर व्हायचं: उच्चार चुकला की बाई थांबायच्या आणि पुन्हा म्हणायला लावायच्या. तिने पुन्हा छातीवर हात ठेवला आणि ते वाक्य पुन्हा म्हटलं. सुटं सुटं करून, जपून.

"आ-म्ही. ज-न्मा..."

'म'पाशी आवाज घसरला. ती थांबली, ओशाळली. आणि बाईंचं बोट, बाईंच्याही नकळत, त्यांच्या स्वतःच्या नाकाच्या कडेला गेलं. इथे. इथे गुणगुण जाणवली पाहिजे. मुंगीने बघितलं, आपलं बोट नाकाला लावलं, आणि 'म' नीट आला. ती वाक्याच्या शेवटापर्यंत गेली. मग बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. आता बरोबर आलं का?

आईने तोंडावर पदर दाबून धरला होता.

"ती म्हणते," बाई म्हणाल्या, आणि आता त्या डॉक्टरांकडे नाही, मुंगीकडे बघत होत्या, ओठ नीट उघडून, तिला वाचता येईल असं बोलत होत्या, "बाई म्हणाल्या, आम्ही जन्मालाच आलो नसतो तर बरं झालं असतं." त्या जरा थांबल्या. "उच्चार बरोबर आहे. आणि मी तसं म्हणाले होते. बहिणीला. तिने खरं वाचलंय. लिहून घ्या डॉक्टर."

डॉक्टरांनी लिहून घेतलं.

बाईंनी खुर्ची सरकवली आणि मुंगीसमोर खाली बसल्या, त्यांचं तोंड मुंगीच्या तोंडाच्या उंचीवर येईल अशा. "मुंगी," त्या म्हणाल्या, "मी..."

मुंगीने डोळे मिटून घेतले.

घट्ट मिटले, पापण्यांना सुरकुत्या पडेपर्यंत. ज्याला कान आहेत त्याला हे जमत नाही. त्याला कानांत बोटं घातली तरी थोडं ऐकू येतंच. बाईंचे ओठ थोडा वेळ हलत राहिले. काय बोलल्या ते बाकी सगळ्यांना ऐकू आलं, आणि ते चांगलं होतं, मनापासूनचं होतं. जिच्यासाठी होतं तिला पोचलं नाही. बाप पोरीच्या खांद्याला हात लावून तिला डोळे उघडायला सांगू शकला असता. त्याचा हात उचललाही गेला होता. त्याने तो परत आपल्या मांडीवर ठेवला.

निघताना बाई दारात भेटल्या. हातात पर्स, बस्स. आईकडे बघून म्हणाल्या, "तिचा 'क' कच्चा आहे अजून. चमच्याचा दांडा, पण हळू. आणि वाक्याच्या शेवटी श्वास संपतो तिचा. मेणबत्ती फुंकायला द्या रोज, लांबून."

आईने मुंगीचा हात धरला आणि ती चालू लागली. बाप मात्र घुटमळला. या बाईला शिव्या घालाव्यात असं घरून ठरवून आला होता. शिव्या पाठही केल्या होत्या. त्याच्या तोंडून निघालं, "तुमच्या आईंना कोण बघतंय आत्ता?"

"शेजारीण," बाई म्हणाल्या. "आता मीच बघेन."

सोमवारी वर्गाला कुलूप लागलं. दुसरी बाई मिळेपर्यंत, असं दारावरच्या कागदावर लिहिलं होतं. मुख्याध्यापकांनी चार ठिकाणी पत्रं पाठवली. उत्तर एकाचंही आलं नाही. जुळ्यांची आई रस्त्यात भेटली तेव्हा बापाने मान झुकवून विचारलं, "पोरं कशी आहेत?" ती म्हणाली, "तुमच्या पोरीचं तोंड उघडलं ना, झालं तर मग. आमच्या दोघांचं बंद झालं." आणि पुढे गेली. तिचं काही चुकलंही नव्हतं.

मुंगी आता सबंध दिवस दुकानात असायची. झाडायची, कापडं झटकायची, फण्या धुवायची. बोलायची नाही. बाप रोज मनात देवाला विचारायचा, एवढं सगळं झालं ते कशासाठी झालं मग? तिने एकदाच तोंड उघडावं, तेही ते सांगायला, आणि पुन्हा मिटावं?

दहाव्या दिवशी दुपारी दुकान रिकामं होतं. तो कात्रीचा स्क्रू आवळत बसला होता. मागून आवाज आला.

"बाबा."

तो इतक्या घाईने वळला की कात्री खाली पडली.

मुंगी केरसुणी हातात धरून उभी होती, दुसरा हात छातीवर. म्हणाली, "बाई गेल्या." मग श्वास घेतला, आणि शेवटचा शब्द अर्धा हवेतच राहिला, पण त्याला कळला. "माझ्या-मु-ळे?"

तो उठला. तिला दारापाशी, उजेडात घेऊन गेला, तिच्यासमोर बसला. दिवसभर गिऱ्हाइकांशी अखंड बोलणारा माणूस, पण आता त्याला एकच शब्द हवा होता आणि तो नीट दिसायला हवा होता.

"नाही," तो म्हणाला.

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. कदाचित दिसलं नसेल, म्हणून त्याने ओठ आणखी उघडून पुन्हा म्हटलं, "नाही." तिचे डोळे त्याच्या ओठांवरून हलेनात. बाबा खोटं बोलतात का, हे ओठांवर दिसतं का, याचा ती शोध घेत होती, आणि ते कसं ओळखायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

त्याने तिसऱ्यांदा म्हटलं. रस्त्यावरून कुणीतरी आत डोकावलं, विचारलं, "चालू आहे का हो दुकान?"

त्याने हाताने थांबा अशी खूण केली आणि मान न वळवता चौथ्यांदा म्हटलं.